खुरपं-विळा घेताना: आपल्या हाताचं हत्यार आपणच पारखू या

मैत्रिणींनो, पेरणी झाली की पंधरा-वीस दिवसांत खुरपणी सुरू होते. दिवाळीच्या सुमारास कापणी येते. दोन्ही कामांत वाकून किंवा बसून दिवसभर हत्यार चालवणारा हात बहुतेक वेळा बाईचाच असतो. पण बाजारातून खुरपं-विळा आणतं कोण? बऱ्याच घरांत पुरुषमाणूस आठवडी बाजाराला जातो आणि दिसेल ते, स्वस्त मिळेल ते घेऊन येतो. मग त्याची मूठ आपल्या मुठीत बसो न बसो, हंगामभर आपण तेच चालवतो. तळहाताला फोड येतात, मनगट दुखतं आणि काम मागे पडतं. उक्तं काम घेतलं असेल तर तेवढी मजुरीही बुडते.

म्हणून या अंकात खुरपं आणि विळा कसा पारखायचा ते पाहू. कोयता किंवा मोठी सुरी घेतानाही याच गोष्टी बघायच्या असतात. कोणतंही पात्याचं हत्यार घेताना तीन जागा तपासायच्या: पातं, मूठ आणि त्या दोघांचा जोड.

पातं: लोखंड कोणतं आणि पाणी दिलंय का

सगळं लोखंड सारखं नसतं. धार टिकणं हे पोलादातल्या कार्बनवर अवलंबून असतं. बांधकामातली साधी पट्टी नरम असते. तिच्या शंभर किलोत कार्बन पाव किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. अशा पट्टीचं खुरपं पहिल्या दिवशी छान कापतं, पण दगड लागला की धार मुडपते. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात कार्बन शंभर किलोत अर्धा किलो किंवा त्याहून थोडा जास्त असतो. म्हणूनच जाणते लोहार जुने पाटे घेऊन त्याची हत्यारं घडवतात.

पण नुसतं चांगलं पोलाद असून भागत नाही, त्याला पाणी द्यावं लागतं. लोहार पातं भट्टीत लाल करतो आणि धारेची बाजू पाण्यात किंवा तेलात बुडवतो. त्याने धार कडक होते. मात्र एवढ्यावर सोडलं तर ती काचेसारखी ठिसूळ राहते. म्हणून पातं पुन्हा थोडं तापवून कडकपणा जरा उतरवतात. हे दुसरं तापवणं घाईत राहून गेलं की पात्याचे तुकडे उडतात. मुळात पाणीच दिलेलं नसेल तर पातं वाकतं.

दुकानात किंवा लोहाराकडे या चार गोष्टी करून बघा:

१. पातं दोन बोटांत सैल धरून दुसऱ्या हाताने टिचकी मारा. आवाज खणखणीत आला पाहिजे. बद्द आवाज आला तर बारीक तडा असू शकतो किंवा जोड सैल असू शकतो.

२. जुनी कानस सोबत न्या. आधी पात्याच्या पाठीवर आणि मग धारेजवळ हलकीच घासा. पाठीवर कानस सहज चावते. धारेजवळ ती कमी चावली, थोडी घसरली, तर पाणी दिलेलं आहे. दोन्हीकडे सारखीच चावली तर धार नरम आहे.

३. विळ्याचं टोक लाकडावर टेकवून विचारून, बेताने दाब द्या. थोडं वाकून परत सरळ झालं तर चांगलं. वाकलेलंच राहिलं तर ठेवून द्या.

४. पातं डोळ्यासमोर आडवं धरून धारेच्या रेषेत बघा. पीळ, खड्डे किंवा काळ्या रेघा दिसल्या तर दुसरं मागा.

साधा विळा की दातेरी?

साध्या विळ्याला वरचेवर धार लावावी लागते. दातेरी विळ्याला करवतीसारखे बारीक दाते असतात. त्याला रोज धार लावायची गरज नसते आणि तो वजनालाही हलका मिळतो. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने ‘नवीन’ नावाचा असा दातेरी विळा तयार केला आहे. कोकणात भातासाठी ‘वैभव’ विळा वापरतात. त्याने भात जमिनीलगत कापता येतं. खोडकिड्याच्या अळ्या धसकटात दडून राहतात, त्यामुळे बुडातून कापणी केल्याचा पुढच्या पिकालाही फायदा होतो.

मात्र दातेरी विळा चालवायची पद्धत वेगळी आहे. हिसका मारायचा नाही. मूठभर काड्या धरायच्या आणि विळा आपल्याकडे ओढायचा, दाते आपोआप कापतात. हिसका मारायची सवय असलेल्या हाताला पहिले एक-दोन दिवस हे जड जातं. दाते झिजले की घरी नीट धार लावता येत नाही, हेही लक्षात ठेवा. झुडूप, जळण, जाड धांडे यांना साधा विळा किंवा कोयताच बरा.

आपल्यातल्या डावखुऱ्या बायांसाठी एक सूचना. बऱ्याच विळ्यांची धार एकाच बाजूने काढलेली असते आणि ती उजव्या हातासाठी असते. डाव्या हाताने चालवली की ती नीट कापत नाही. लोहाराला आधीच सांगा, तो उलट्या बाजूने धार काढून देतो.

मूठ: आपल्या हाताच्या मापाची

मूठ हातात घट्ट धरून बघा. अंगठा वळून पहिल्या बोटाला टेकला पाहिजे. टेकत नसेल तर मूठ जाड आहे. ती धरून ठेवायलाच निम्मी ताकद जाते आणि संध्याकाळी बोटं उघडत नाहीत. बोटांची नखं तळहातात रुतत असतील तर मूठ बारीक आहे. लांबीला चारही बोटं बसून थोडी जागा उरली पाहिजे. मूठ आखूड असेल तर तिचं बूड तळहाताच्या मध्यावर टोचत राहतं, आणि फोड नेमका तिथेच येतो.

लाकडी मुठीत बाभूळ आणि शिसव टिकाऊ. लाकडाच्या रेघा मुठीच्या लांबीने गेलेल्या असाव्यात, आडव्या रेघा असलेली मूठ लवकर तडकते. प्लास्टिकची मूठ कुजत नाही, पण घामाने आणि चिखलाने घसरते. घ्यायचीच तर खरखरीत, खाचा असलेली घ्या. शहरातल्या दुकानांत काही सुऱ्यांना चामड्याच्या चकत्या एकावर एक दाबून केलेली मूठ असते. ती हाताला ऊबदार लागते, घसरतही नाही. पण चामडं पावसात भिजलं की फुगतं, वाळलं की आकसतं. मग चकत्या सैल होतात आणि बुरशीही धरते. कोरड्या कामाला अशी सुरी ठीक, चिखलातल्या खुरपणीला चामड्याची मूठ नको.

खुरप्यात आणखी एक बघा. पातं आणि मूठ यांच्यामधली मान किती वाकवलेली आहे? दुकानातच खाली बसा, खुरपं जमिनीला टेकवा. मनगट सरळ राहून पातं मातीत शिरलं पाहिजे. त्यासाठी मनगट मुरडावं लागत असेल तर ते खुरपं तुमच्यासाठी नाही. दुकानात बसून बघायला लाजू नका. पायात घालून बघितल्याशिवाय आपण चप्पल तरी घेतो का?

जोड: खरा धोका इथेच

पात्याची निमुळती शेपटी मुठीत गेलेली असते. चांगल्या हत्यारात ती मुठीतून आरपार जाते आणि बुडाशी मुरडलेली किंवा ठोकून पसरवलेली असते. म्हणजे बुडाशी लोखंड दिसलं पाहिजे. शेपटी अर्ध्यातच संपली असेल तर काही दिवसांत पातं मुठीत फिरायला लागतं. जोर लावताना पातं सुटलं तर ते पायावर किंवा शेजारच्या बाईच्या हातावर जाऊ शकतं.

मुठीच्या तोंडाशी लोखंडाची शेंबी, म्हणजे कडी, असावी. तिच्यामुळे लाकूड फाटत नाही. एका हाताने मूठ आणि दुसऱ्या हाताने पात्याची पाठ धरून पिळून बघा. जरासुद्धा हललं तर घेऊ नका.

मूठ सैल झाली की आपल्याकडे हत्यार पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगतं आणि मूठ तेवढ्यापुरती घट्ट बसते. पण वाळल्यावर ती आणखी सैल होते आणि आतली शेपटी गंजते ते वेगळंच. त्यापेक्षा लोहाराकडून लाख भरून घ्या किंवा मूठच बदला.

स्वस्त कोणतं, महाग कोणतं

समजा, ९० रुपयांचं खुरपं एकाच हंगामात गेलं आणि १८० रुपयांचं तीन हंगाम चाललं. तीन हंगामांत स्वस्त खुरप्याला २७० रुपये लागले, चांगल्याला १८०. धार लावण्यात आणि दुसऱ्याचं खुरपं मागण्यात गेलेला वेळ यात धरलेलाच नाही.

गटाने मिळून घेतलं तर आणखी सोपं. पण एकदम पंधरा-वीस नगांची ऑर्डर देऊ नका. आधी दोन-तीन नमुने करून घ्या. वेगवेगळ्या हातांच्या बायांनी आठवडाभर ते चालवून बघावेत. मग बैठकीत ठरवावं. लोहाराशी बोलताना तीन गोष्टी पक्क्या करा: पाट्याचं पोलाद, आरपार शेपटी, आणि पातं वाकलं किंवा तुटलं तर बदलून देणं. आगाऊ रक्कम किती, माल कधी, हे गटाच्या वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्या. गावात घिसाडी कुटुंब आलं असेल तर त्यांनाही विचारा. त्यांच्याकडे भट्टीवर बायाही घण मारतात. बाईच्या हाताचं माप त्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

घेतल्यानंतरची निगा

काम झालं की माती धुवा, फडक्याने कोरडं करा, पात्याला तेलाचा हात फिरवा. लाकडी मुठीला वर्षातून एक-दोनदा जवसाचं तेल चोळा.

धार लावताना दगड पाण्याने ओला ठेवा. विजेच्या चाकावर धार लावून घेत असाल तर समोर उभ्या राहा. पातं तापून धारेवर निळसर रंग आला तर पोलादाचं पाणी उतरलं असं समजा. मग ती धार टिकत नाही. पातं मधूनमधून पाण्यात बुडवून गार करायला सांगा.

ट्रॅक्टर किंवा जीपमधून जाताना धारेवर सायकलची जुनी ट्यूब चिरून चढवा. हत्यार देताना मूठ समोरच्या बाईकडे करून द्या. घरी ते आढ्याला किंवा उंच खुंटीवर ठेवा, पोरांचा हात जाणार नाही असं.

आणि हात कापला तर हळद, चुना, तंबाखू, माती काही भरू नका. वाहत्या स्वच्छ पाण्याने जखम धुवा, स्वच्छ फडक्याने दाबून धरा आणि शक्यतो त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. धनुर्वाताची सुई शेवटची कधी घेतली ते तिथे सांगा. जखम लहान दिसली तरी शेणा-मातीतली जखम धनुर्वाताला कारण होऊ शकते.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपापलं खुरपं आणि विळा घेऊन या. एकमेकींची हत्यारं हातात धरून बघा. मूठ, जोड, धार तपासा. कोणतं दुरुस्त करायचं, कोणतं मोडीत द्यायचं आणि नवीन किती लागतील याची यादी तिथेच करा, आणि ती ग्रामसंघाच्या बैठकीत मांडा. खुरपणीच्या आधी हे झालं तर हंगाम सुरू होताना आपल्या हातात आपण पारखलेलं हत्यार असेल.