वहीतली एक सही

खडवली स्टेशनवर उतरून भातसा नदीकडे चालत निघालात, की मध्येच थांबून वर बघा. आणि कल्पना करा, जमिनीपासून ३,००० फुटांवर चार आसनांचं एक सेस्ना १७२ विमान उडतंय. पुढे दोघं बसलेत. डावीकडे वैमानिक, उजवीकडे इन्स्ट्रक्टर. इन्स्ट्रक्टर इंजिनाची ताकद कमी करायला थ्रॉटल मागे ओढतात आणि शांतपणे विचारतात, "इंजिन गेलं. आता काय कराल?"

इंजिन गेलं म्हणून विमान दगडासारखं खाली पडत नाही. योग्य वेग धरला, तर हे विमान एक फूट खाली येताना सुमारे नऊ फूट पुढे सरकतं. वारा नसेल तर ३,००० फुटांवरून जवळजवळ आठ किलोमीटर! म्हणजे खडवलीवरून टिटवाळाही आवाक्यात आणि वासिंदही. पण हातात असतात जेमतेम चार मिनिटं. तेवढ्यात वाऱ्याची दिशा ओळखायची, विजेच्या तारा टाळायच्या आणि भातखाचरांच्या बांधांमधून उतरण्याजोगा सपाट तुकडा हेरायचा. हा सराव असल्यामुळे इंजिन मंद गतीने चालूच असतं. सुरक्षित उंची असतानाच थ्रॉटल पुन्हा पुढे जातो आणि विमान वर चढतं.

डावीकडे बसलेला माणूस नवशिका नाही. लायसन्स मिळून त्याला कित्येक वर्षं झाली असतील. तरीही तो परीक्षेला बसल्यासारखा बसलाय, कारण लायसन्स टिकतं, पण हात गंजतात. उदाहरणार्थ, अमेरिकेत यासाठी 'फ्लाइट रिव्ह्यू'चा नियम आहे. दर २४ महिन्यांनी किमान एक तास जमिनीवर नियमांची उजळणी आणि किमान एक तास इन्स्ट्रक्टरसोबत उड्डाण.

हात गंजतात म्हणजे काय, ते 'स्टॉल'मध्ये कळतं. पंख समोरच्या हवेशी साधारण १५ अंशांहून जास्त कोन करू लागला, की वरच्या बाजूची हवा पंखाला सोडून विस्कटते आणि उचल एकदम घटते. घाबरलेल्या माणसाचा हात अशा वेळी विमानाचं नाक वर ओढायला धावतो. वाचायचं असेल तर नाक खाली न्यावं लागतं! देहाच्या उपजत भीतीविरुद्ध कमावलेली ही सवय सरावाविना विरते.

मला सर्वांत थक्क करते ती या रिव्ह्यूची अखेर. यात नापास असा शेराच नसतो. जमलं, तर इन्स्ट्रक्टर वैमानिकाच्या वहीत, म्हणजे लॉगबुकमध्ये, तसं लिहून सही करतात. नाही जमलं, तर ते उड्डाण नुसतं शिकवणी म्हणून नोंदवलं जातं. आणखी सराव करून पुन्हा यायचं. ती सही म्हणजे 'याच्या शेजारी मी बसलो, याचे हात मी पाहिले' अशी एका माणसाने दिलेली ग्वाही.

प्रवासी विमानांचे नियम याहून कडक आहेत. तिथे वैमानिकाचं कसब वर्षातून दोनदा तपासलं जातं, बहुधा सिम्युलेटरमध्ये. ज्येष्ठ कॅप्टनही त्यातून सुटत नाहीत. आणि या साऱ्याची मुळाक्षरं गिरवली जातात बारामती, धुळे, गोंदियाच्या धावपट्ट्यांवर, शेजारी बसलेल्या इन्स्ट्रक्टरच्या नजरेखाली.

हात तयार ठेवणं म्हणजे काय, ते जेआरडी टाटांकडे बघून कळतं. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतातलं पहिलं वैमानिक लायसन्स मिळालं. १९३२ साली त्यांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरवलं. त्या उड्डाणाला ५० वर्षं झाली तेव्हा, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांनी त्याच मार्गावर पुन्हा स्वतः विमान चालवलं. हे जमलं ते पहिल्या क्रमांकाचं लायसन्स होतं म्हणून नव्हे; अर्ध्या शतकानंतरही हात तयार होते म्हणून.

पुढच्या वेळी खडवलीच्या आभाळात विमान दिसलं, तर एवढं आठवा: ते चालवणाऱ्याला, कितीही वर्षं उडत असला, तरी ठरलेल्या मुदतीत पुन्हा विद्यार्थी व्हावं लागतं.