ईदच्या हंगामात धंद्याबरोबर तब्येतही सांभाळा

रमजानचा महिना हा इबादतीचा महिना आहे, आणि आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी तो वर्षातील सर्वांत मोठ्या हंगामाचाही महिना आहे. बोईसर-चिल्हार रस्त्यावरील बेटेगावचेच पाहा. तारापूरची औद्योगिक वसाहत वाढली, नवी घरे उभी राहिली आणि गिऱ्हाईकही वाढले. शिंपी, कापडवाले, चपलांचे दुकानदार, बेकरीवाले, फळवाले, टोपी-अत्तर विकणारे या सर्वांची धावपळ शाबानपासून सुरू होते ती चांदरातीला मध्यरात्रीनंतरच थांबते. अनेकांची वर्षाची निम्मी उधारी याच कमाईतून फिटते.

परंतु या धावपळीत एका भांडवलाचा हिशेब राहून जातो. ते भांडवल म्हणजे स्वतःचे शरीर. कारखान्यातील कामगार आजारी पडला तर त्याला रजा असते, ईएसआयचा आधार असतो. स्वतःच्या दुकानात किंवा मशीनवर बसणाऱ्याला तो आधार नाही. विसाव्या रोजाला शिंपी तापाने पडला तर घेतलेले कापड तसेच राहते, गिऱ्हाईक तुटते आणि दवाखान्याचा खर्च वेगळा. म्हणून तब्येत सांभाळणे हा ऐषाराम नसून धंद्याचाच भाग आहे. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. रमजानात आपले कितीतरी बांधव याहून अधिक तास राबतात, तेही रोजा ठेवून.

ऑर्डरची वही वेळेवर बंद करा

हंगामातील बहुतेक दगदग गिऱ्हाइकाला 'नाही' न म्हणता आल्यामुळे होते. यावर उपाय साधा आहे. आधी आपली ताकद मोजा. समजा, दुकानात दोन मशीन आहेत आणि दिवसाला आठ जोड तयार होतात. पंचवीस दिवसांत दोनशे जोड झाले. पण वीज जाते, कारागीर आजारी पडतो, एखादा नग उसवून पुन्हा शिवावा लागतो. यासाठी पंधरा टक्के सोडले तर १७० जोड उरतात. १७० वा जोड लिहिला की 'ऑर्डर बंद' ही पाटी लावावी, मग तो पाचवा रोजा असो की पंधरावा. ओळखीचे लोक नाराज होतील, पण चांदरातीला कपडा न मिळालेला माणूस त्याहून अधिक नाराज होतो. वायदा मोडणे आपल्या दीनमध्येही वाईट आणि धंद्यातही. कपडे परत देण्याच्या तारखाही विभागून लिहाव्यात. सर्वांना एकोणतिसाव्या रोजाची तारीख दिली की शेवटच्या चार रात्री जागरण ठरलेलेच.

माल आणि हिशेब शाबानमध्येच उरका

सुरत, भिवंडी किंवा मुंबईच्या मंगलदास मार्केटमधून माल आणणारे अनेकजण रोजा सुरू झाल्यावर दोन-तीन खेपा करतात. निदान मोठी खेप आधी करावी. त्याच वेळी दुकानातील मालाची मोजदाद करून घ्यावी. अनेकजण जकातीचा हिशेब रमजानातच करतात. विक्रीचा माल, रोकड, येणे आणि देणे यांची यादी जकातीसाठी लागतेच, तीच धंद्यालाही उपयोगी पडते. गेल्या वर्षीचा कोणता माल पडून आहे हे कळले की उधारीवर जादा माल उचलला जात नाही. ईदनंतर घाऊक व्यापाऱ्याला पैसे कसे द्यायचे, ही चिंताही झोप उडवणारीच असते.

झोपेची चोरी महाग पडते

तरावीहनंतर एक-दीडपर्यंत दुकान, मग सहरी, फजर आणि दहाला पुन्हा शटर वर. असे चार-पाच दिवस झाले की नजर आणि हात दोन्ही मंदावतात. सलग १७ ते १९ तास जागलेला माणूस नशेत असल्यासारखा चुकतो, असे संशोधनात आढळले आहे. अशा वेळी सुई बोटात जाते, कापड चुकीचे कापले जाते, गल्ल्यातील हिशेब चुकतो. बेकरीच्या भट्टीजवळ तर भाजण्याचा धोका असतो.

दुपारी बाजार थंड असतो. जोहरच्या नमाजनंतर वीस-तीस मिनिटे आडवे व्हावे. कैलुला ही सुन्नतही आहे आणि शरीराची गरजही. फजरनंतर सलग तीन-चार तास झोप मिळेल असे दुकानाचे वेळापत्रक ठेवावे. दोन भाऊ किंवा बाप-लेक असतील तर सकाळ एकाने व रात्र दुसऱ्याने सांभाळावी. जागरणानंतर चिल्हार फाट्यावरून मुंबई-अहमदाबाद महामार्गाला स्वतः गाडी काढणे टाळावे. बोईसरहून दोन्ही दिशांना रेल्वे आहे.

सहरी, इफ्तार आणि औषधे

दिवसभर मशीनवर बसून इफ्तारला भजी-समोसे व सरबत पोटभर घेतले आणि लगेच पुन्हा बसले की पित्त उसळते. खजूर, पाणी, फळ, मग नमाज आणि नंतर जेवण हा जुना क्रम उत्तम. इफ्तार ते सहरी या वेळात थोडे थोडे पाणी पीत राहावे. चहा हा पाण्याचा बदला नव्हे. सहरी चुकवू नये. शिंप्यांनी तासाभराने उठून मान-पाठ मोकळी करावी व दिव्याचा उजेड पुरेसा ठेवावा.

मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी रमजानपूर्वीच डॉक्टरांकडून औषधांच्या वेळा व प्रमाण ठरवून घ्यावे. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक आलिमांचे मत आहे. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असा वैद्यकीय सल्ला आहे. आजाऱ्याला शरियतने सवलत दिली आहे. ती नाकारण्यात बहादुरी नाही. छातीत कळ, दरदरून घाम, हातापायातील एका बाजूची शक्ती जाणे यांपैकी काहीही झाले तर 'ईद झाल्यावर बघू' म्हणू नये. १०८ क्रमांकावर सरकारी रुग्णवाहिका मोफत मिळते.

कारागीर आणि घरातील बायका

मालकाने आपल्याबरोबर कारागिरांचाही विचार करावा. नगावर काम करणारा कारागीर पैशासाठी रात्रभर बसायला तयार होतो, पण त्याला थांबवणे हे मालकाचे काम आहे. त्याचा हिशेब ईदच्या आधी चुकता करावा. काज-बटण आणि हातशिलाई पुष्कळदा घरातील आई-बहिणी करतात. सहरी व इफ्तारचा स्वयंपाकही त्यांच्यावरच असतो. त्यांची झोप सर्वांत कमी आणि मजुरी कोणी मोजत नाही. ईदचे चार दिवस पुरुषांनी भांडी-पाणी पाहिले तर काही बिघडत नाही.

येणारी वर्षे अधिक कठीण

हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी मागे सरकतो. २०२५ साली आपल्याकडे ईद ३१ मार्चला झाली. यापुढे रमजान थंडीत येत जाईल आणि २०३० साली तर जानेवारीत व डिसेंबरअखेर असा दोनदा येईल. रोजा लहान होईल, पण लग्नसराई आणि ईद यांचे काम एकदम अंगावर येईल. शिवाय सूर्य लवकर मावळत असल्याने रात्रीचा बाजारही लांबेल. ज्यांनी आजपासून वहीची मर्यादा, झोपेची वेळ आणि मालाची तारीख ठरवली त्यांनाच ही वर्षे झेपतील. शरीर ही अल्लाहची अमानत आहे. ईदच्या दिवशी मुलाबाळांबरोबर ताज्या चेहऱ्याने ईदगाहवर जाता आले पाहिजे, तरच त्या कमाईत बरकत आहे.