आत ठेवायची गोळी आणि रात्रीचा संबंध

आजचा विषय जरा दार लोटून ऐकायचा आहे. पण नवरा घरात असेल तर त्यालाही बसवा, कारण हे दोघांचं आहे.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या उपचारांनी टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं ते १९८६ साली. आता आपल्या अंबड-भोकरदनकडची जोडपीही संभाजीनगरला जाऊन हा उपचार घेतात. गर्भ पिशवीत सोडायच्या सुमारास प्रोजेस्टेरॉन सुरू होतं. पिशवीचं अस्तर गर्भ रुजण्याजोगं ठेवणारं हे हार्मोन. पोटातून घेतलं तर त्यातलं बरंचसं यकृतातच मोडून जातं. म्हणून गोळी किंवा जेल योनीमार्गात ठेवायला देतात. तिथून ते थेट पिशवीला पोचतं. थोडं पांढरं अंगावरून जातं. तेवढ्यानं औषध वाया गेलं असं नाही.

आता विचारायची लाज वाटते तो प्रश्न. रात्री औषध ठेवलं आणि मग संबंध आला तर?

अमेरिकेत वीस स्त्रिया आणि त्यांच्या जोडीदारांवर याची तपासणी झाली. ती २०१५ साली छापून आली. रात्री जेल लावून संबंध ठेवला, तेव्हा बाईच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन कमी भरलं आणि पुरुषाच्या रक्तात ते सापडलं. म्हणजे तिच्या वाट्याचं औषध काही प्रमाणात त्याच्या अंगात गेलं. पण त्यांनी रक्त मोजलं, गर्भ राहिला की नाही ते नव्हे. तेव्हा ‘त्या रात्रीमुळेच राहिलं नाही’ असं सासूनं, नवऱ्यानं किंवा तुम्ही स्वतःही म्हणू नये. गर्भ न रुजण्याची कारणं पुष्कळ असतात, बहुतेक वेळा गर्भातलीच.

करायचं काय? गर्भ सोडल्यावर संबंध किती दिवस टाळायचा, हे डॉक्टरांना दोघांनी मिळून विचारा. परवानगी असेल तर औषध आधी नको, नंतर ठेवा. चुकून उलटं झालं तर मनानं दुसरी गोळी घेऊ नका, पुढची बंदही करू नका. दवाखान्यात फोन करा. अगदीच अडचण असेल तर इंजेक्शनचाही पर्याय असतो.

आणि दादा, ती ‘आज नको’ म्हणाली तर कारण विचारत बसू नका. गोळी ठेवून ती आडवी झालेली असते.