चाळीस मिलिमीटर

संपादकांना ड्रोन हवे होते. जानेवारी 2025 मध्ये राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने बेकायदा मासेमारीवर नजर ठेवायला किनाऱ्यावरून ड्रोन उडवायला सुरुवात केली. "त्यावर लिही, फोटोही चांगले येतील," असं सांगून मला रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरावर धाडण्यात आलं. ड्रोन पाहिला. उडाला, समुद्रावर गेला, परत आला. पण ज्या परवाना अधिकाऱ्यांबरोबर मी धक्क्यावर हिंडत होते, त्यांच्या खिशात पेनाला लागून स्टीलची एक सहा इंची पट्टी होती. ती बाहेर निघाली की आजूबाजूचं बोलणं थांबत होतं. ड्रोन डोक्यावरून जाताना मात्र कोणी मान वर केली नव्हती.

पट्टी असते ती खोल्यासाठी. ट्रॉलचं जाळं तोंडाशी रुंद असतं आणि मागे निमुळतं होत जातं. त्याचं शेवटचं टोक म्हणजे खोला. तळ खरवडत जाळं जे जे गिळतं, ते सगळं सरकत सरकत खोल्यात येऊन साठतं. त्यामुळे जाळ्याचा बाकीचा भाग कितीही विरळ विणलेला असो, लहान मासा सुटणार की मरणार हे ठरतं खोल्याच्या आसावर, म्हणजे विणीतल्या भोकावर. नियम सांगतो की आस किमान 40 मिलिमीटर हवा, आणि तो चौकोनी हवा.

आकडा समजतो, पण चौकोनी कशाला? अधिकाऱ्यांनी धक्क्यावर पडलेला जाळ्याचा एक तुकडा उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ओढा." नेहमीच्या जाळ्याचा आस शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. दोन टोकं धरून ओढली की ती लांबतात आणि पोट मिटतं. पाण्यात हेच होतं. बोट जाळं ओढू लागली की कागदावरच्या 40 मिलिमीटरची चीर होते. खोला जसजसा भरतो तसतशी ओढ वाढते आणि चीर आणखी बारीक होते. पिल्लांना निसटायला वाट सर्वांत जास्त हवी असते, नेमकी तेव्हाच ती बंद झालेली असते. चौकोनी आसात दोऱ्यांची एक जोडी ओढीच्या दिशेला आणि दुसरी तिला आडवी असते. ताण पहिल्या जोडीवर येतो, आडवी जोडी आपल्या जागी राहते आणि भोक उघडं राहतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने यावर कितीतरी वर्षं काम केलं आहे. मला त्यातलं आवडलं ते एवढंच की कायद्याला हवी असलेली दया माणसाच्या मनावर सोडलेली नाही, ती विणीतच घातली आहे.

सकाळी सातच्या सुमाराला एक ट्रॉलर लागला. खलाशी नेपाळी होते. आज रत्नागिरीच्या बऱ्याच बोटी त्यांच्याच हातांवर चालतात. मासळीच्या टोपल्या उतरत असताना अधिकारी मागच्या बाजूने चढले आणि ओला खोला हातात घेतला. एका गाठीवर अंगठा ठेवायचा, समोरची गाठ ताणायची, पट्टी धरायची. किती जोराने ताणायचं, यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो, आणि तो घातला गेला. एका आसावर विसंबत नाहीत, चार ठिकाणी मोजतात. चारही ठिकाणी माप कमी भरलं.

"साहेब, पाण्याने आटतो तो," बोट चालवणारा तांडेल म्हणाला.

"मग घेताना पंचेचाळीसचा घ्यायचा."

पुढच्या बोटीचा खोला चाळीसला बरोबर उतरला. अधिकाऱ्यांनी तरीही आत हात घातला. कधीकधी बाहेर नियमाचं जाळं असतं आणि आतून बारीक आसाचं अस्तर शिवलेलं असतं. या बोटीत तसं काही नव्हतं. त्यांनी हात काढून पँटला पुसला आणि ते तिसऱ्या बोटीकडे वळले. गाजावाजा न करता चाललेल्या या कामाबद्दल मला आदर वाटला हे लपवत नाही. त्या हाताचा वास दुपारपर्यंत जात नसणार.

आता सरकारी इतिहास, थोडक्यात. साठ-सत्तरच्या दशकांत यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्यालगत आले आणि किनाऱ्यावरून रापण जाळं ओढणाऱ्यांची, लहान होड्यांची मासळी गेली. गोव्यात रापणकारांनी रस्त्यावर येऊन लढा दिला. केंद्राने कायद्याचा एक नमुना तयार केला. त्यावरून 1980 मध्ये केरळ आणि गोव्याने आणि 1981 मध्ये महाराष्ट्राने सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल राज्याचे, त्यापुढे 200 पर्यंत केंद्राचं राज्य. राज्याच्या पट्ट्यातही किनाऱ्यालगत 5 वाव, काही भागांत 10 वाव खोलीपर्यंत ट्रॉलला मनाई झाली. सीमा वावांत सांगणारा हा कायदा कोळ्यांच्या तोंडच्या मापाने लिहिला गेला, ही मला त्यातली शहाणपणाची गोष्ट वाटते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी आहे. 2016 मध्ये डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालावरून पर्ससीन, म्हणजे मासळीच्या थव्याला वेढून तळाशी आवळल्या जाणाऱ्या जाळ्यांवर बंधनं आली. त्यांना हंगाम मिळाला सप्टेंबर ते डिसेंबर. 2021 मध्ये कायद्याला नवे दात बसवले. पूर्वी खटले तहसीलदारांकडे जात, आता ते मत्स्यव्यवसाय विभागाच्याच सहायक आयुक्तांकडे जातात. एलईडी दिव्यांवर मासळी गोळा करणाऱ्याला 20 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, बेकायदा पर्ससीनला 6 लाखांपर्यंत.

मग 2023 मध्ये पट्टीला दुसरं काम मिळालं. 54 जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवला गेला: पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180, बांगडा 140, सुरमई 370. त्याच वर्षी सप्टेंबरात पापलेट हा राज्यमासा म्हणून जाहीर झाला. ही मागणी मुख्यतः सातपाटीची. पापलेटवर उभं राहिलेलं आणि पापलेट आटल्यावर सर्वांत आधी घाबरलेलं हे गाव. 135 मिलिमीटर हा मध्यममार्गी आकडा आहे. पापलेट विणीला येईतो याहून बराच मोठा झालेला असतो. तरीही आकडा महत्त्वाचा, कारण त्याने कायदा जाळ्यावरून मासळीच्या टोपलीत आणला. टोपली लपवणं खोला लपवण्याइतकं सोपं नसतं.

घाई का झाली, हे एका आकड्यावरून कळतं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीनुसार 2019 मध्ये महाराष्ट्रात फक्त 2.01 लाख टन मासळी उतरली. 45 वर्षांतली ती सर्वांत कमी होती. त्या वर्षी क्यार आणि महा ही वादळं आली, हे खरं. पण वादळं पूर्वीही येत होती.

इथवर सगळं सुटसुटीत वाटेल. अधिकाऱ्यांनी मला एका टोपलीजवळ उभं केलं. तिच्यात कोळंबी, मांदेली, ढोमा, लहान वाकट्या आणि दोन-चार बोटभर पापलेटं होती. एकाच ओढीत आलेली ही वस्ती. एका जाळ्यात एकच जात येत असती, तर तिच्यासाठी आस ठरवणं सोपं होतं. आपल्याकडे एक आस सगळ्यांना कधीच पुरत नाही. कोळंबीला योग्य तो आस पापलेटच्या पिल्लाला बारीक पडतो आणि पापलेटला योग्य तो ठेवला तर कोळंबी हाती लागत नाही. पालघर-वसईकडे डोल जाळ्यात उधाणाच्या ओढीने जवळा येतो. तो जेमतेम नखाएवढा. त्याला पकडणारं कुठलंही जाळं बाकी सगळ्यांसाठी गुन्हाच ठरेल. आणि जवळा तर गरिबाच्या घरातला वर्षभराचा साठा. शिवाय त्या टोपलीतली लहान पापलेटं मोजली तेव्हा ती मेलेलीच होती. पट्टी समुद्रात काही वाचवत नाही, ती पुढच्या फेरीला भीती घालते.

मासळी आणि जलचर वन्यजीव यांच्यामध्ये सरकारने एक रेघ ओढली आहे, ती मला धक्क्यावर गेल्यावरच कळली. बांगडा मत्स्यव्यवसाय विभागाचा. त्याच जाळ्यात व्हेल शार्क, करवत मासा किंवा ऑलिव्ह रिडले कासव आलं, तर ते 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं, म्हणजे वनखात्याचं. एका खोल्यावर दोन खाती. आणि गंमत म्हणजे यातलं वनखात्याचं काम मला जास्त चाललेलं दिसलं. 2018 च्या डिसेंबरपासून वनखात्याच्या कांदळवन कक्षाने एक योजना चालवली आहे. संरक्षित प्राणी अडकला तर जाळं कापून त्याला सोडा, मोबाइलवर चित्रण करा, अर्ज करा. फाटलेल्या जाळ्याची 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. एका बोटीवरच्या पोराने मला असं चित्रण दाखवलं: पाठीवर पांढरे ठिपके, कोयत्याने कापला जाणारा दोर, आणि मग काळी पाठ खाली जाते. चित्रणात ओरडणं आहे, हसणं आहे, कोणीतरी "जा रे बाबा" म्हणतं. ज्या बोटीचा खोला आपण संशयाने चाचपतो, तीच बोट इथे स्वतःहून जाळं कापते, कारण कापलेल्या जाळ्याचे पैसे मिळतात. चाळीसचा खोला लावल्याने जी कोळंबी निसटते, तिचे पैसे कोणी देत नाही.

कासवांसाठी ट्रॉलमध्ये बसवायच्या अपवर्जक साधनाचं हेच होतं. जाळ्याच्या आत तिरकी सळ्यांची चौकट असते. कोळंबी सळ्यांतून मागे जाते, कासव चौकटीला धडकून वरच्या झडपेतून बाहेर पडतं. महाराष्ट्रात ते सक्तीचं आहे. ते न वापरण्यापायी अमेरिकेने 2019 मध्ये भारतातली समुद्रातून पकडलेली कोळंबी घेणं बंद केलं. म्हणजे नुकसान सगळ्या देशाच्या कोळंबीचं. तरीही झडपेतून थोडा माल जातो, या धास्तीने ती बांधून टाकणारे आहेतच. नुकसान सगळ्यांचं झालं की ते कोणाच्याच खिशाला लागत नाही.

धक्क्यावरून समुद्राकडे वळलं की विभागाची ताकद भराभर उतरते. वर्षानुवर्षं गस्तीनौका म्हणजे भाड्याने घेतलेली मासेमारी बोटच असायची, मंद वेगाने चालणारी. समोर कर्नाटकातल्या मलपीचे मोठ्या इंजिनाचे ट्रॉलर. ते सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळ येतात, मालवण-देवगडकरांची जाळी तोडून जातात आणि गस्तीनौका त्यांच्या मागे फेसात उरते. म्हणून ड्रोन आला. तो वेगाने जातो, नंबर टिपतो, चित्र मुंबईतल्या नियंत्रण कक्षात पोचवतो. पण त्याची बॅटरी मर्यादित, वारा सुटला तर तो उडतच नाही, आणि नंबरावर ताडपत्री टाकली की चित्रात उरते नुसती एक बोट. त्याहून मोठी अडचण अशी की ड्रोनला खोला दिसत नाही. जाळं पाण्याखाली आहे. 40 आहे की 20, हे सांगायला शेवटी कोणाला तरी पट्टी घेऊन बोटीवर चढावंच लागतं.

30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी नौकांसाठी इस्रोच्या तंत्राचे ट्रान्सपाँडर देण्याची देशव्यापी योजना सुरू झाली. बोट कुठे आहे हे त्यामुळे कळेल, हद्द ओलांडली तर इशाराही मिळेल. त्याच मंडपात वाढवण बंदराची पायाभरणी झाली. याच बंदराला किनाऱ्यावरचे मच्छीमार कित्येक वर्षं विरोध करत आले आहेत. एका हाताने कोळ्याच्या बोटीचा ठावठिकाणा मागायचा आणि दुसऱ्या हाताने त्याचं मासेमारीचं क्षेत्र बुजवायचं. मग यंत्र "बिघडलं" तर नवल नाही.

आणि मग 12 मैल. डिसेंबर संपला की राज्याच्या पाण्यात पर्ससीन चालत नाही. पुढे गेलं की केंद्राचं पाणी, तिथे राज्याचा कायदा संपतो. पर्ससीनवाल्यांचं म्हणणं, आम्ही तिकडे टाकतो. तमिळनाडूतल्या अशाच वादात जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 12 मैलांपलीकडे आठवड्यातून दोन दिवस पर्ससीनला अटींवर परवानगी दिली, तीही अंतरिम. पलीकडे जायला बोटीला अलीकडूनच जावं लागतं. तेव्हा जाळं बोटीवर असणं हा गुन्हा की नाही? परत येताना मासळीवर कुठल्या पाण्याचा शिक्का असतो? नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने आपल्या पट्ट्यासाठी वेगळे नियम आणले, यांत्रिक नौकांना प्रवेशपत्र लागेल असं ठरवलं. एलईडी तिकडेही बंद. कागद वाढले. पण जाळं कुठे पडलं, हे सांगणारा माणूस अजून तांडेलच आहे.

बंदरावर त्या दिवशी, जानेवारी उलटून गेलेला असताना, एक पर्ससीन बोट बांगड्याने भरून आली. अधिकाऱ्यांनी वही उघडली आणि विचारलं, "कुठे टाकलंत?"

"साडेबाराला, साहेब."

त्यांनी लिहून घेतलं. बोटीवरून उतरताना मला म्हणाले, "सगळे साडेबाराच सांगतात. तेराही कोणी सांगत नाही, डिझेल जास्त दाखवावं लागतं ना."

बांगडा त्यांनी मोजला. 140 च्या वर होता.