रद्द झालेल्या प्रयोगांवरून धूर मोजता येतो का?

पीएचडीला प्रवेश घेताना आपल्याकडे बहुतेक वेळा विषय असतो, प्रश्न नसतो. "हवा प्रदूषणाचा सांस्कृतिक कार्यक्रमांवर होणारा परिणाम" हा विषय झाला. गाइड मान डोलावतील, कमिटीही कदाचित पास करेल, पण सोमवारी सकाळी लॅबमध्ये येऊन नेमकं काय मोजायचं ते त्यातून कळत नाही. म्हणून आज एक खरं गाव घेऊया आणि विषयाचा प्रश्न होताना पाय कुठे घसरतो ते बघूया.

गाव आहे अमेरिकेच्या ओरेगन राज्यातलं अ‍ॅशलंड. वस्ती साधारण २१ हजार, चहूबाजूंनी डोंगर. तिथल्या अँगस बोमर नावाच्या कॉलेज शिक्षकाने १९३५ साली, २ ते ४ जुलै असे तीन दिवस शेक्सपिअरची दोन नाटकं केली, 'ट्वेल्फ्थ नाइट' आणि 'द मर्चंट ऑफ व्हेनिस'. जागा म्हणजे एका जुन्या सभागृहाच्या गोल भिंती. घुमट आधीच उतरवलेला, वर आकाश. गावाने ४०० डॉलरपर्यंत मदत कबूल केली, पण नाटक तोट्यात जाईल या भीतीने दिवसा त्याच रंगमंचावर बॉक्सिंगच्या लढती ठेवल्या. झालं उलटंच! बॉक्सिंगला आलेली तूट नाटकाच्या पैशातून भरून काढावी लागली. तेच आजचं ओरेगन शेक्सपिअर फेस्टिव्हल. २०३५ मध्ये त्याला शंभर वर्षं होतील.

इथे जरा थांबा. शंभर वर्षं होतील, पण शंभरावा हंगाम तो नसेल. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४१ ते १९४६ नाटकं बंद होती, २०२० चा हंगाम कोविडने सुरू होताहोताच गुंडाळला. वर्धापनदिनाच्या बॅनरवर 'वर्षं' चालतात. तुमच्या तक्त्यात मात्र 'वर्षं' आणि 'हंगाम' हे दोन वेगळे कॉलम लागतात. हे किरकोळ वाटतं, पण सरासरी काढताना छेदात काय घ्यायचं याचं भांडण इथूनच सुरू होतं.

आता धूर. नाट्यसंस्थेची बंदिस्त नाट्यगृहंही आहेत, पण उन्हाळ्याची शान म्हणजे उघडं एलिझाबेथन थिएटर, सुमारे १२०० खुर्च्यांचं. प्रयोग रात्री. नेमक्या जुलै-ऑगस्टमध्ये आसपासच्या जंगलांना वणवे लागतात आणि खोऱ्यात उलट तापमानाचा थर बसला, म्हणजे खाली थंड हवा आणि वर गरम, की धूर झाकण लावल्यासारखा कोंडतो. आपल्याकडे जत्रेतल्या नाटकाला अवकाळी पावसाची धास्ती असते, तशी तिथे धुराची. २०१८ च्या उन्हाळ्यात पंचवीसच्या आसपास प्रयोग रद्द करावे किंवा दुसरीकडे हलवावे लागले, सुमारे २० लाख डॉलरचा फटका बसला. एवढ्याशा गावात हॉटेलं, खाणावळी, दुकानं सगळी नाटकाच्या प्रेक्षकांवर चालतात, त्यामुळे तो फटका फक्त तिकीटखिडकीचा नव्हता.

शताब्दीचा हंगाम आखणाऱ्याला पडणारा प्रश्न साधा आहे: ऑगस्टमध्ये उघड्यावर नाटक ठेवायचं की नाही?

नवा संशोधक लगेच काय करतो? दरवर्षी किती प्रयोग रद्द झाले याची यादी काढतो, आलेख मांडतो, रेघ वर जाताना दिसली की "धूर वाढतोय" असं लिहितो. चूक इथेच आहे. रद्द प्रयोगांची संख्या हवा मोजत नाही, ती माणसांचा निर्णय मोजते. २०१९ साठी त्याच संस्थेने आधीच ठरवलं, की धुराच्या ऐन आठवड्यांतले उघड्यावरचे प्रयोग गावातल्या हायस्कूलच्या नाट्यगृहात करायचे. आता त्या आठवड्यांत उघड्यावर प्रयोगच नाही, तर धुरामुळे रद्द काय होणार? तुमच्या आलेखात २०१९ ला खड्डा दिसेल आणि तो हवेमुळे आहे की धोरणामुळे हे आलेख सांगणार नाही. गंमत म्हणजे २०१९ चा वणव्यांचा हंगाम ओरेगनमध्ये खरंच सौम्य गेला. म्हणजे खड्ड्याला दोन्ही कारणं होती आणि या आकड्यावरून ती वेगळी काढता येत नाहीत.

मग मोजायचं काय? प्रयोगाच्या वेळेची हवा. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण, त्यांचं दर तासाचं प्रमाण. चोवीस तासांची सरासरी इथे कुचकामी, कारण प्रेक्षक काही चोवीस तास बसत नाही. दुपारी दाट धूर आणि रात्री स्वच्छ हवा, किंवा उलट, दोन्हीची सरासरी एकच येऊ शकते. (स्वस्तातल्या सेन्सरचा डेटा घेणार असाल तर दुरुस्तीचं सूत्र लावा, धुरात ते आकडा फुगवून दाखवतात.)

मर्यादा कुठली धरायची, हाही प्रश्नच. अमेरिकी एक्यूआय १५० म्हणजे पीएम २.५ सुमारे ५५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. त्याच्या पुढे तिकडे 'सर्वांसाठी अपायकारक' हा पट्टा सुरू होतो. तीच ५५ ची हवा भारताच्या निर्देशांकात टाका, ३१ ते ६० चा पट्टा आहे, नाव 'समाधानकारक'. हवा तीच, फुप्फुसं तीच! त्यामुळे "एक्यूआय अमुक होता" एवढंच लिहून सोडू नका, कुठल्या देशाचा ते लिहा. सगळ्यात बरं म्हणजे कणांचं प्रमाणच द्या.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. हायस्कूलच्या त्या नाट्यगृहात खुर्च्या सुमारे ४००. सगळे प्रयोग हाउसफुल धरू (हे गृहीतक आहे, तसं स्पष्ट लिहायचं). आधीच आत हलवलं, तर धूर येवो न येवो, ८०० खुर्च्या गेल्याच. उघड्यावर ठेवलं आणि धूर आला, तर प्रयोग रद्द, १२०० गेल्या. धुराची शक्यता 'प' मानली तर बाहेर राहण्याचा सरासरी तोटा १२०० गुणिले प. म्हणजे प दोन-तृतीयांशाहून जास्त असेल तरच आत हलवणं खुर्च्यांच्या हिशोबात परवडतं. हवामानशास्त्रात याला कॉस्ट-लॉस रेशो म्हणतात.

दोन-तृतीयांश! कुठल्याही एका संध्याकाळी धुराची शक्यता एवढी जास्त असणं अवघड आहे. मग २०१९ चा निर्णय मूर्खपणाचा होता का? मला तसं वाटत नाही. खुर्च्यांच्या हिशोबात दोन गोष्टी नाहीत. सहा महिने आधी हॉटेल बुक करून आलेलं कुटुंब, ज्याला दारावरून परत जावं लागलं, ते पुढच्या वर्षी येईल का? आणि तीन तास मोठ्याने संवाद म्हणणारा नट. प्रेक्षक शांत बसून श्वास घेतो, तलवारबाजी करणारा नट त्याच्या कितीतरी पट हवा ओढतो. हे नुकसान मांडलं की १२०० चा आकडा वाढतो आणि प ची मर्यादा खाली येते. किती खाली, ते तुम्ही या नुकसानाला काय किंमत लावता त्यावर ठरेल. ती किंमत आकडेशास्त्र देत नाही, ती तुम्हाला लिहून बचाव करावी लागते. आणि २०१९ मध्ये पुढे हवा चांगली राहिली म्हणून निर्णय चुकला, असं म्हणणं म्हणजे छत्री नेली, पाऊस आला नाही, म्हणून छत्री नेणं चूक असं म्हणणं.

शेवटचा खड्डा, यात मी स्वतः पडलोय. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी एका हंगामाच्या ९२ दिवसांच्या नोंदी घेऊन दिमाखात लिहिलं होतं, एन = ९२. कमिटीतल्या एका मॅडमनी चष्मा वर करून विचारलं, "हंगाम किती?" मी म्हटलं, एक. "मग एन किती?" मला उत्तर देता येईना. वणवा एकदा लागला की आठवडे जळतो. आज धूर असेल तर उद्या असण्याची शक्यता आपोआप वाढते. असे ३० धुराचे दिवस म्हणजे ३० स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत, ती कदाचित एकाच वणव्याची ३० प्रतिबिंबं असतील. पी-व्हॅल्यू छान येते, पण खोटी. अ‍ॅशलंडसाठी खरा एन दिवसांपेक्षा उन्हाळ्यांच्या संख्येच्या जवळ जाणारा आहे.

म्हणून "१४ ऑगस्ट २०३५ च्या रात्री धूर असेल का" हा प्रश्न टाकून द्या, त्याचं उत्तर आज कोणाकडे नाही. विचारायचं ते असं: हाताशी असलेल्या उन्हाळ्यांपैकी कितींमध्ये, ऑगस्टच्या किमान पाच संध्याकाळी, आठ ते अकराच्या दरम्यान पीएम २.५ ठरवलेल्या मर्यादेवर गेलं? यात जागा, वेळ, राशी, मर्यादा आणि मोजायचं एकक, सगळं आहे. सराव म्हणून तुमच्या गावाच्या मॉनिटरवर आणि दिवाळीच्या आठवड्यावर हाच प्रश्न बेतून बघा. फक्त मर्यादा आणि 'किमान पाच' डेटा उघडायच्या आधी वहीत लिहा, तारीख टाकून.