कॅमेरा घेताना घराणं बघावं

आमच्या बचत गटाकडे येणारे कर्जाचे अर्ज आता मला पाठ झालेत. शिलाई मशीन, पिठाची गिरणी, शेवयांचं यंत्र, नाहीतर दोन शेळ्या. यातलं सगळ्याजणींना कळतं, त्यामुळे बसल्या बैठकीत निर्णय होतो. गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नाआधी मात्र एक अर्ज आला आणि १५ जणींची बैठक गप्पच झाली. अर्ज होता कॅमेऱ्यासाठी, ५० हजारांचा!

अर्ज करणारी आमच्यातलीच, वयानं सगळ्यांत धाकटी. साखर कारखाना बंद पडल्यापासून तिच्या नवऱ्याच्या कामाचं काही खरं नाही. चार वर्षांपासून ती गावातल्या एका स्टुडिओत जाते. आधी नुसते अल्बम लावायची, मग कॉम्प्युटरवर फोटो सुधारायला शिकली, आणि लग्नसराईत गर्दी झाली की मालकांबरोबर फोटो काढायलाही जायला लागली. तिथं तिच्या लक्षात आलं, की हळदीला, डोहाळजेवणाला, ओटी भरताना पुरुष फोटोग्राफर समोर असला की बायका अवघडतात. निम्मा वेळ पदर सावरण्यात जातो. तिच्यासमोर त्याच बायका खळखळून हसतात. 'काकू, हे काम माझ्याकडे आपणहून येईल. फक्त कॅमेरा माझा पाहिजे,' ती म्हणाली.

'अगं, पण मोबाइल आहे की!' आमच्या ज्येष्ठ मावशी म्हणाल्याच. प्रश्न रास्त होता. उत्तरही तिच्याकडे तयार होतं. ज्या चकतीवर प्रकाश पडून चित्र उमटतं तो सेन्सर मोबाइलमध्ये करंगळीच्या नखाएवढा असतो. साध्या डीएसएलआरमध्ये तो साधारण २२ बाय १५ मिलिमीटरचा, म्हणजे कितीतरी मोठा. मोठ्या परातीत पावसाचं पाणी जास्त साठतं, तसा मोठ्या सेन्सरवर प्रकाश जास्त साठतो. संध्याकाळच्या मांडवात, पिवळ्या बल्बखाली हा फरक दिसतो. मावशींना पटलं.

खरा पेच पुढेच होता. तिच्यासमोर दोन कॅमेरे होते, दोन्ही वापरलेले. एक निकॉनचा डी ३४००. तिच्या मामेभावाचा, घरच्या लेन्ससकट २४ हजारांना, आणि वर ५० मिलिमीटरची एक जुनी लेन्स फुकट. दुसरा कॅननचा २०० डी. शहरातल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानातला, ३२ हजारांना. फुकट काही नाही. आठ हजारांचा फरक म्हणजे आमच्यासारख्यांना तीन-चार हप्ते. बहुतेक जणींचं मत झटकन निकॉनकडे झुकलं. घरचा माणूस, स्वस्त आणि वर एक लेन्स फुकट. अजून काय हवं?

मी आर्ट्सची पदवीधर, कॅमेऱ्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण पैसा गटाचा, म्हणून आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि माहिती काढली. तीच तुम्हाला सांगावी म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट, फोटो कुणाचा चांगला यावर वाद घालू नये. दोन्ही कंपन्या जपानच्या, दोन्ही जुन्या, दोन्हींचे कॅमेरे चांगले. गंमत म्हणजे कॅननचा पहिला विक्रीला आलेला कॅमेरा १९३६ चा, आणि त्यावरची लेन्स होती निक्कॉर, म्हणजे आजच्या निकॉन कंपनीनं बनवलेली! आज ज्यांचे चाहते एकमेकांशी हमरीतुमरीवर येतात, त्या दोन घराण्यांची सुरुवात अशी एका ताटात जेवून झाली. कॅनन हे नावही 'क्वानॉन'वरून आलं, जपानमधल्या करुणेच्या देवतेच्या नावावरून.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. आपण कॅमेरा घेतो असं म्हणतो, पण खरं तर एका घराण्यात जातो. कॅमेऱ्याच्या तोंडाशी एक कडं असतं, लेन्स त्यात फिरवून बसते. त्याला म्हणतात माउंट. प्रत्येक कंपनीचा माउंट वेगळा. एका कुकरचं झाकण आतून बसतं, दुसऱ्याचं बाहेरून. याची रिंग त्याला चालत नाही, तसंच हे. मधे जोडकडं घालून निकॉनची जुनी लेन्स कॅननच्या डीएसएलआरवर चढवता येते, पण फोकस हातानं करत बसावं लागतं. मंगळसूत्र बांधायचा क्षण काही तेवढा वेळ थांबत नाही!

आणि मैत्रिणींनो, कॅमेऱ्याची बॉडी म्हणजे साडी, लेन्स म्हणजे दागिना. साडी चार-पाच वर्षांत विरते, नवी घेतो. दागिना जपला तर लेकीपर्यंत जातो. म्हणून साडी बघून नव्हे, पुढे कुठले दागिने घालता येतील ते बघून ठरवायचं.

आता दोन्ही घराण्यांच्या रीती बघा. निकॉननं १९५९ मध्ये आपला 'एफ' माउंट आणला आणि फिल्मचा जमाना जाऊन डिजिटल आलं तरी तोच ठेवला. कॅननचा जुना माउंट वेगळा होता. १९८७ मध्ये त्यांनी तो सोडला आणि 'ईएफ' नावाचा नवा आणला. ज्यांच्याकडे जुन्या लेन्स होत्या त्यांची पंचाईत झाली. ऐकताना वाटतं, जुनं जपणारं घराणं चांगलं. पण त्यात एक मेख आहे. कॅननच्या नव्या रीतीत आपोआप फोकस करणारी छोटी मोटर लेन्समध्येच ठेवली. निकॉनच्या जुन्या लेन्समध्ये मोटर नव्हती, ती कॅमेऱ्याच्या बॉडीत असायची. पुढे निकॉननंही मोटरवाल्या लेन्स काढल्या आणि स्वस्त बॉडीतून, म्हणजे डी ३००० आणि डी ५००० च्या मालिकेतून, मोटर काढून टाकली. आता कॅमेरा बिनमोटरचा आणि लेन्सही बिनमोटरची, अशी जोडी जमली तर फोकस करणार कोण?

आमच्या बाबतीत नेमकं हेच होतं. मामेभावाची ती फुकटची लेन्स जुन्या 'एएफ-डी' जातीची निघाली. ती डी ३४०० वर बसते, फोटोही निघतो, पण फोकस हातानं. मुलीनं बैठकीतच लेन्स चढवून दाखवली. मावशींचा फोटो काढायला गेली, तर बटण अर्धं दाबूनही लेन्स ढिम्म हलेना. मामेभावानं काही फसवलं नव्हतं. तो हौशी माणूस, बागेतल्या फुलांचे फोटो सावकाश काढणारा. त्याला चालत होतं, हिला चाललं नसतं.

तिसरी गोष्ट, हाताची सवय. निकॉनची लेन्स एका दिशेनं फिरवून बसते, कॅननची उलट्या. झूमही उलटसुलट. सुनेला सासरच्या गॅसची बटणं उलटी लागली तर महिनाभर भाजी करपते, हे आपल्याला ठाऊक आहे. हिचा हात चार वर्षं मालकांच्या कॅननवर बसलेला.

चौथी गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटली. आपल्या गावात कुठलं घराणं नांदतंय? मालकांकडे कॅनन, तालुक्यातल्या आणखी दोघांकडेही कॅनन. मोठं लग्न असलं तर लांबचा फोटो काढणारी लेन्स एका दिवसापुरती भाड्यानं मिळेल, बॅटरी ऐनवेळी संपली तर कुणाची तरी मिळेल. यावर गटातल्या एकीनं बरोबर खोच काढली. 'आज मालक देतील. उद्या ही त्यांची गिऱ्हाइकं ओढायला लागली, तरी देतील का?' प्रश्न कळीचा होता. दुसऱ्याच्या दागिन्यावर किती दिवस मिरवायचं? म्हणून ठरलं, की कर्जातूनच ५० मिलिमीटरची एक नवी लेन्स तिची स्वतःची घ्यायची. ही लेन्स कमी उजेडात चालते आणि मोठ्या लेन्सच्या मानानं स्वस्त. बाकीच्या मागूनपुरवून.

काहीजणी विचारतील, आता मिररलेसचा जमाना आहे, मग डीएसएलआर का? खरं आहे. २०१८ मध्ये दोन्ही कंपन्यांनी नवे माउंट आणले, निकॉननं 'झेड' आणि कॅननं 'आरएफ'. आता नवं काम तिकडेच चालतं. पण नवी बॉडी आणि नव्या लेन्स आमच्या ५० हजारांत बसत नव्हत्या. शिवाय कॅननच्या ईएफ लेन्स जोडकडं लावून नव्या कॅमेऱ्यावरही आपोआप फोकस करतात. निकॉनच्या मोटरवाल्या लेन्सचंही तसंच, बिनमोटरच्या मात्र तिथेही हातानंच. म्हणजे उद्या साडी बदलली तरी हिचा दागिना कामाला येणार.

कर्ज मंजूर झालं. गटानं एकच अट घातली, बिल तिच्या नावावर. नवऱ्याच्या नाही, दिराच्या नाही, मालकांच्याही नाही. बिलावर कॅमेऱ्याचा नंबर लिहून घेतला आणि त्याची झेरॉक्स गटाच्या फाइलला लावली. गेल्या लग्नसराईत तिनं ११ कामं केली, त्यातली सात निव्वळ बायकांच्या कार्यक्रमांची. एकही हप्ता चुकलेला नाही.

तुमच्या लेकीनं किंवा सुनेनं असा हट्ट धरला, तर आधी गावात चक्कर मारा. तिथं निकॉनवाले जास्त असतील तर बेलाशक निकॉन घ्या, फक्त लेन्स 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' आहे ना ते बघा. वापरलेला कॅमेरा असेल तर शटर किती वेळा पडलंय ते विचारा, जुन्या स्कूटरचे किलोमीटर बघतो तसं. लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशीची जाळी नाही ना ते पाहा. घरी आणल्यावर पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

आणि दुकानदार बिलावर नाव विचारेल, तेव्हा शेजारच्या पुरुषाकडे न बघता तिनं स्वतःचं पूर्ण नाव सांगावं, एवढं मात्र आधीच घरी ठरवून जा.