पोचपावतीवरची तारीख

दिवाळी सरते, भात-नागलीची कापणी आटोपते आणि जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं वीटभट्ट्यांच्या वाटेला लागतात. ही वाट टाळायची तर काम गावात हवं, तेही वेळेवर. वेळेची नोंद कोणी करायची, हा प्रश्न रोजगार हमीइतकाच जुना आहे.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतली ही योजना. राज्याचा कायदा 1977चा, अंमल 26 जानेवारी 1979 पासून. केंद्राचा कायदा, म्हणजे नरेगा, 2005 साली आला. नमुना 4 भरून मजुराने काम मागितलं की पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेरोजगार भत्ता. त्यामुळे सगळं वजन पोचपावतीवरच्या तारखेला. प्लास्टिकच्या पिशवीत जॉबकार्डाला गुंडाळून ठेवलेला तो चिठोरा म्हणजेच मजुराचा पुरावा.

मग नोंदी संगणकावर गेल्या. केंद्राच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) नरेगासॉफ्ट या प्रणालीत कुटुंब, मागणी, काम, मस्टर, मजुरी असं सगळं एका माळेत ओवलं गेलं. मागणी चढवल्याशिवाय ई-मस्टर निघणार नाही, हा नियम प्रोग्राममध्येच लिहिलेला. कोऱ्या मस्टरवर मागाहून नावं घुसडण्याला त्याने चांगलाच चाप बसला; हे श्रेय द्यायलाच हवं.

पण तारखेचं काय? देशभर अनेक ठिकाणी दिसलेला प्रकार असा: अर्ज कागदावर पडून राहतो आणि मस्टर काढायच्या वेळी मागणी संगणकात चढते. कागद महिन्यापूर्वीचा, नोंद कालची. संगणकाच्या लेखी उशीर झालेलाच नसतो, मग भत्ता कसला? डेटाबेसमध्ये लिहिण्याचं लॉगिन कार्यालयाकडे आणि मजुराला फक्त वाचण्याची मुभा, यातली विषमता इथे उघडी पडते. अर्ज दिल्याच्या क्षणी मजुराच्या मोबाइलवर क्रमांक यायला हवा होता. साध्या ग्राहक-तक्रारीलाही तो मिळतो.

1 जानेवारी 2023 पासून हजेरीही ॲपवर गेली: दिवसातून दोनदा फोटो. मोखाड्याच्या दऱ्याखोऱ्यांत रेंज शोधायला टेकाड चढावं लागतं, तिथे फोटो वर गेला नाही तर घामाची मजुरी अडकते.

एक दार मात्र उघडं राहिलं. नरेगाच्या पोर्टलवर पासवर्डशिवाय जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडत कोणालाही जॉबकार्डापर्यंत पोहोचता येतं. गावातलं शिकलेलं पोर मोबाइलवर ते पान उघडतं, शेजारी बाईच्या पिशवीतली पोच ठेवतं आणि दोन्ही तारखा मोठ्याने वाचून दाखवतं.